राळा, गिरणी आणि खानावळ

नांदेड वा लातूर शहराच्या बाजारपेठेत राळा विकत घ्यावयास निघालेल्या गृहस्थास तो आज दोन ठिकाणी हमखास आढळतो, आणि या दोन ठिकाणांमध्ये जे अंतर आहे त्यातच ह्या धान्याची सारी कैफियत येऊन जाते. एक ठिकाण म्हणजे पिंजऱ्यातील पाखरांचे खाद्य विकणाऱ्याचे दुकान. तेथे तो तुसासकट, उघड्या पोत्यातून, मापाने मिळतो. दुसरे म्हणजे शहराच्या नव्या वस्तीतील वातानुकूलित भांडार. तेथे तोच राळा सडून, पांढराफेक करून, मधुमेहाचा शत्रू आणि स्थूलतेचा काळ अशी बिरुदे छापलेल्या पिशवीत घालून, तांदळाच्या कितीतरी चढ्या भावाने मांडलेला असतो. पाखरे आणि पैसेवाले या दोहोंच्या मधोमध जी अफाट रयत राहते, जिच्या पणज्यांनी हे धान्य उखळात कांडले आणि जिच्या पणजोबांनी ते तुरीच्या व कपाशीच्या तासांमध्ये पेरले, तिच्या रोजच्या ताटात मात्र राळ्याला आज जागा उरलेली नाही.

वर्षातून एक दिवस त्याची आठवण होते. पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-पावटा-हरभऱ्याची लेकुरवाळी भाजी आणि राळ्याचा भात करण्याची चाल मराठवाड्यातील अनेक घरांनी अजून टिकवून ठेवली आहे. त्या दोन-चार दिवसांपुरता किराणा दुकानदारही पावशेर-अर्धा किलोच्या पुड्या बांधून ठेवतो, आणि संक्रांत ओसरली की उरलेले पोते मागच्या खोलीत जाते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आपण भक्तिभावाने म्हणतो खरी, परंतु एका दिवसाच्या भोजनाने वर्षभराचे आरोग्य लाभावे, ही अपेक्षा म्हण रचणाऱ्यासही अभिप्रेत नसावी.

राळ्याची कुळकथा मोठी आहे. पीत नदीच्या खोऱ्यात, उत्तर चीनमध्ये, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी मनुष्याने त्याला शेतात आणले. त्याच देशातील लाजिया या उत्खननस्थळी उपड्या पडलेल्या मातीच्या वाडग्याखाली ज्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्या, त्या राळा आणि त्याच्याच जातकुळीतील दुसऱ्या एका तृणधान्याच्या पिठाच्या असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे यजुर्वेदात यजमान ज्या धान्यांची याचना करतो, त्यांच्या नामावळीत तीळ, मूग, गहू आणि मसूर यांच्या पंक्तीला प्रियंगू, म्हणजे राळाही, बसलेला आहे. पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथाने कंगूचे, म्हणजे राळ्याचेच, काळा, तांबडा, पांढरा व पिवळा असे चार प्रकार सांगून पिवळ्याला श्रेष्ठत्व दिले. तो मोडलेले हाड सांधणारा, शरीर पुष्ट करणारा आणि कफ हरण करणारा आहे असे म्हणत असतानाच तो गुरू म्हणजे पचनास जड, रूक्ष आणि वातकारक आहे हेही त्या ग्रंथकाराने तितक्याच निःसंकोचपणे नोंदवून ठेवले, आणि जाता जाता हे धान्य घोड्यांना फार मानवते असाही शेरा मारला. जुन्या वैद्यांची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. गुण सांगावयाचे ते दोषांसह सांगावयाचे, आणि कोणतेही अन्न सर्वांना सर्व काळ हितकर असते असा दावा कदापि करावयाचा नाही, ही शिस्त आज पिशवीवरील मजकूर लिहिणाऱ्यांपाशी राहिलेली नाही.

म्हणून आरोग्याचा हिशेब आधी नीट मांडून घ्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या सारणीप्रमाणे १०० ग्रॅम राळ्यात १२.३ ग्रॅम प्रथिने, ४.३ ग्रॅम स्निग्धांश आणि ८ ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या तांदळात हेच आकडे प्रथिनांना ६.८ आणि तंतूंना अवघे ०.२ असे आहेत. थायमिन या जीवनसत्त्वाचा विचार केला तर राळ्यात ०.५९ मिलिग्रॅम आणि सडलेल्या तांदळात ०.०६, म्हणजे जवळजवळ दसपट तफावत. इतक्यावरून राळ्याला भाताच्या जागी बसविण्याचा आग्रह रास्त ठरतो. परंतु त्याच सारणीत राळ्याचे लोह २.८ मिलिग्रॅम आहे आणि बाजरीचे ८. राळ्याचा चुना, म्हणजे कॅल्शियम, ३१ मिलिग्रॅम आहे आणि नाचणीचा ३४४. तेव्हा रक्तक्षय झालेल्या मुलीस बाजरीची भाकरी सोडवून राळ्याकडे वळविणारा, किंवा हाडांसाठी नाचणीऐवजी राळा सुचविणारा उपदेशक, त्याने कितीही तळमळीने सांगितले तरी, चुकीचाच सल्ला देत असतो. शिवाय तंतूंचा ८ ग्रॅमचा आकडा पांढराफेक केलेल्या राळ्याला लागू पडत नाही, कारण कोंडा जितका अधिक काढावा तितके तंतू आणि जीवनसत्त्वे कमी होत जातात. चढ्या भावाच्या पिशवीतील शुभ्रतेचे मोल ग्राहक दोनदा मोजतो, एकदा पैशाने आणि एकदा पोषणाने.

मधुमेहाचा विषय वेगळा काढला पाहिजे, कारण आज मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरात राळ्याचा प्रवेश होतो तो बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीमागोमाग. २०२१ मध्ये हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांतील अभ्यासांचे जे एकत्र परीक्षण झाले, त्यात राळा, ज्वारी, नाचणी आदी धान्ये नित्य खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची रक्तशर्करा सरासरी १२ टक्क्यांनी आणि जेवणानंतरची १५ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. हा लाभ लहान नव्हे. पण तो नित्य सेवनाचा लाभ आहे, तोही भाताच्या वा मैद्याच्या जागी हे धान्य आले तर. भाताचे ताट तसेच ठेवून वर वाटीभर राळ्याची खीर गुळासह खाणाऱ्यास त्या आकड्यांचा आधार घेता येणार नाही. ज्यांच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आहार बदलताना वैद्यास विचारावे, आणि गलग्रंथीचा विकार असलेल्यांनी या वर्गातील धान्ये मुख्य अन्न करण्यापूर्वी तसेच करावे, एवढी सावधगिरी पुरेशी आहे. राळ्याच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अम्ल कमी असते, ते तुरीत, मुगात आणि उडदात भरपूर असते. आणि ज्या लातुरात डाळीच्या गिरण्यांची रांगच्या रांग उभी आहे त्या लातूरकरास वरणाचे माहात्म्य सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

स्वयंपाकघरात राळा वागवावयास अवघड नाही. तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा-पाऊण तास भिजवावा, दुप्पट-अडीचपट आधणात सोडून मंद आचेवर शिजवावा आणि उतरल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटे मुरू द्यावा, म्हणजे दाणा दाणा सुटा होतो. वर येसराची झणझणीत आमटी घ्यावी किंवा नुसते ताक आणि कारळाची चटणी. मुगाच्या डाळीबरोबर त्याची खिचडी तांदळाच्या खिचडीपेक्षा, माझ्या मते, अधिक खमंग होते. उडदाच्या डाळीबरोबर भिजवून आंबविले तर इडली-डोसा होतो. भाजणीत मूठभर घातला तर थालीपीठ खुसखुशीत होते. आणि नुसत्या राळ्याची भाकरी थापताना तुटते, म्हणून ज्वारीच्या पिठात मिसळून गरम पाण्याने मळावे हे कोणतीही जाणती बाई सांगेल. एक गोष्ट मात्र शहरी गृहिणीने ध्यानात ठेवावी. तुसासकटचा राळा कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकतो, पण सडलेल्या राळ्यातील स्निग्धांशाला लवकर खवट वास येतो, आणि ओल लागल्यास बुरशीही धरते. एकादशीला व महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या ज्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतून पुनःपुन्हा येतात, त्यांच्या मुळाशी तज्ज्ञ बहुधा अशीच ओल आणि बुरशी दाखवितात. सडलेले धान्य थोडके आणावे आणि ताजे आणावे.

एवढे सारे असताना राळा गेला कसा? या प्रश्नाची ठराविक उत्तरे आपल्या भाषणांतून नेहमी दिली जातात. ७२ च्या दुष्काळात सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो खाऊन जगलेल्या पिढीला पुढे रेशनच्या दुकानातून गहू-तांदूळ मिळू लागला आणि पांढरे अन्न हे प्रतिष्ठेचे अन्न ठरले, हे खरे आहे. नव्वदीनंतर सोयाबीनने लातूर-नांदेडचे खरीप पाहता पाहता व्यापले आणि मिश्र पिकांच्या पट्ट्यांना जागाच उरली नाही, हेही खरे आहे. परंतु या दोन्ही वावटळींतून ज्वारी आणि बाजरी तगून राहिल्या. मग राळाच नेमका का उन्मळून पडला, याचे उत्तर त्यांत सापडत नाही.

ते उत्तर धान्याच्या अंगरख्यात आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचा दाणा मळणीनंतर उघडाच हाती येतो; तो थेट जात्यावर किंवा गिरणीत घालता येतो. राळ्याचे तसे नाही. राळा, वरी, कोद्रा, सावा या धान्यांच्या दाण्याला कठीण तूस घट्ट चिकटलेले असते, आणि ते काढल्याखेरीज माणसाच्या पोटी ते धान्य जाऊ शकत नाही. हे तूस काढावयाचे म्हणजे धान्य उन्हात खडखडीत वाळवावयाचे, उखळात घालून कांडावयाचे, सुपात पाखडावयाचे, पुन्हा कांडावयाचे, पुन्हा पाखडावयाचे. आणि राळ्याचा दाणा इतका बारीक की मुसळाचा घाव जरा जोराने बसला तर कणी होते आणि हलका बसला तर तूस तसेच राहते. ही विद्या आणि हे कष्ट दोन्ही बायकांच्या वाट्याचे होते. पहाटेच्या अंधारात दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून, एकीचे मुसळ वर जाताना दुसरीचे खाली येईल अशा लयीत तास-तासभर कांडीत, तेव्हा कुठे एका वेळच्या भाताची सोय होई. गावात पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ज्वारी तिने आपल्याकडे घेतली. बाईची एक वेठ संपली आणि ज्वारीचे स्थान मात्र अबाधित राहिले. राळ्यासाठी तशी गिरणी आलीच नाही. जे धान्य यंत्राने दळले जात होते ते टिकले, जे बाईच्या दंडानेच सडले जात होते ते बाईने सोडून दिले. आणि तिने ते सोडले याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार, मुसळ कधी हाती न धरलेल्या आम्हा पुरुषांस तर मुळीच नाही. ‘आमच्या आईच्या हातचा राळ्याचा भात’ या विषयावर गहिवरून बोलणारे सद्गृहस्थ सभासमारंभांत पुष्कळ भेटतात. त्या हाताला पडलेल्या घट्ट्यांचा उल्लेख त्यांच्या भाषणात क्वचितच येतो.

या उपपत्तीला पुरावा हवा असेल तर तो राळ्याच्या सख्ख्या भावंडातच आहे. वरी हीसुद्धा तुसाचीच, सडावयास तितकीच जिकिरीची. पण उपवासाला भगर, म्हणजे सडलेली वरी, चालते असा निर्वाळा धर्माचाराने देऊन ठेवल्यामुळे तिला वर्षभर, दर पंधरवड्याला, एकादशीगणिक खात्रीचे गिऱ्हाईक लाभले, आणि जेथे खात्रीचे गिऱ्हाईक तेथे यंत्र आपोआप जाते. नाशिकात भगरीच्या गिरण्यांचा एक सबंध उद्योग उभा राहिला, आणि आज नायगाव-देगलूरच्या खेड्यातील किराणा दुकानातही भगरीची पिशवी नसेल असे होत नाही. वरीला एकादशी मिळाली. राळ्याला मिळाली ती वर्षातून एकदा येणारी भोगी, आणि एका भोगीच्या भांडवलावर कोणताही शहाणा मनुष्य गिरणी घालीत नाही.

आमच्या भागात सणांचे बळ काही थोडे नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, वेळअमावास्येला अर्थात येळवशीला, लातूर जिल्ह्यातील शहरेच्या शहरे ओस पडून सारा लोक शिवारात जातो, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करून भज्जी, उंडे आणि अंबिलीचे जेवण करतो. त्या एका दिवसाने ज्वारी-बाजरीशी नव्या पिढीचे नाते किती घट्ट राखले आहे हे ज्याने येळवस पाहिली आहे त्यास सांगावयास नको. तथापि ज्वारी-बाजरी येळवशीमुळे जगली नाही. ती उरलेल्या ३६४ दिवसांच्या भाकरीमुळे जगली. राळ्याच्या पुनरुद्धाराचे कार्यक्रम सणांच्या, पाककृतिस्पर्धांच्या आणि प्रदर्शनांच्या अंगाने होतात, हा त्यांतील मूळ दोष आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही काही अप्रिय गोष्टी बोलून टाकाव्यात. सोयाबीन मोडून राळा पेरा, असे लातूरच्या काळ्या जमिनीतील शेतकऱ्यास सांगणारा मनुष्य हितशत्रू होय. सोयाबीनच्या भावाने गेल्या काही वर्षांत त्याला रडविले आहे हे मान्य. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना बाजारात त्याहून पुष्कळ खाली सौदे झाले, हे सर्वांनी पाहिले. पण सोयाबीनला निदान हमीभाव आहे, पिकविम्याच्या अधिसूचित यादीत जागा आहे, आणि पोते नेले त्या दिवशी ते घेणारा अडत्या आहे. राळ्याला यांपैकी काहीही नाही: हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहेत, राळा नाही; राज्याच्या खरीप विम्याच्या पिकांतही नाही. तुरीच्या दोन तासांत कोणी हौसेने पेरला तर सातबाऱ्याच्या पीकपाहणीत त्याची नोंद सहसा पडत नाही, आणि जे दप्तरात नाही त्याचे नुकसान झाले तरी पंचनामा कोणी करीत नाही. शिवाय ‘हे पीक कोणत्याही हवामानात येते’ ही जी ख्याती त्याला चिकटली आहे तीही अर्धीच खरी. पावसाने ओढ दिली तर राळा तग धरतो, ७५ ते ९० दिवसांत कणीस पिकवून मोकळा होतो, रब्बीच्या हरभऱ्यास जमिनीत ओल ठेवून जातो. पण मुळाशी पाणी साचलेले त्यास सोसत नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड-लातूरची रानेच्या राने पाण्याखाली गेली तेव्हा तो तेथे असता तर वाचला असता, असे समजण्याचे कारण नाही. भरीस भर म्हणून दाणे भरू लागताच चिमण्यांचे थवे त्यावर उतरतात, आणि सबंध शिवारात एकट्याचाच राळा असेल तर त्याची सुगी पाखरेच करतात.

त्याची योग्य जागा वेगळी आहे. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या तालुक्यांतून बालाघाटच्या ज्या रांगा जातात, त्यांच्या उतारावरची बरड, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन, जिच्यात सोयाबीन टाकले तर बियाणे आणि खत यांचाही खर्च निघेलच असे नाही, ती राळ्याची जमीन. तेथे हेक्टरी ८-१० किलो बियाण्यावर, जवळजवळ खताविना, तो येऊ शकतो. आणि त्याचे काड जनावरांच्या दावणीला उपयोगी पडते. एकेकट्याने न पेरता गावाच्या एका माळावर दहा-वीस जणांनी जोडून पेरला तर पाखरांचा उपद्रवही वाटला जातो. ही काही नवी मसलत नव्हे. जुन्या शेतकऱ्यांचा हाच शिरस्ता होता.

आणि हे घडू शकते याचा दाखला आपल्या उंबऱ्याशीच आहे. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यात होते, आणि जहिराबाद हा तालुकाही त्याच जिल्ह्यात होता. त्या पुनर्रचनेत उदगीर मराठी मुलखाकडे आले आणि जहिराबाद तेलंगणाकडे गेले, जमीन मात्र दोहोंकडे तीच राहिली. त्या जहिराबादजवळ पस्तापूर येथे १९८३ साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने खेड्याखेड्यांतील दलित स्त्रियांचे संघ बांधले. त्या बायकांनी पडीक जमिनी लागवडीस आणल्या, राळ्यासह डझनावारी धान्यांचे बियाणे घरोघर मडक्यांतून राखले, आणि जे पिकेल ते प्रथम गावातच वाटण्याची व्यवस्था लावली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक त्या संस्थेस मिळाले. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांपैकी एकाने जे जपले ते दुसऱ्याने का हरवावे? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे की तिकडे पेरणारी, सडणारी आणि खाणारी बाई एकच होती आणि निर्णयही तिचाच होता. इकडे आपण राळ्याला बाजारपेठेच्या स्वाधीन केले, आणि बाजारपेठेत त्याला कोणी ओळखीचे निघाले नाही.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ मध्ये या धान्यांचे भरडधान्य हे हीन नाव जाऊन त्यांस पोषक तृणधान्ये असा दर्जा मिळाला. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष घोषित केले. २०२३ मध्येच केंद्राच्या अर्थसंकल्पाने त्यांना श्रीअन्न म्हटले आणि महाराष्ट्रानेही आपल्या मिलेट अभियानासाठी २०० कोटींची तरतूद जाहीर केली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची जात २०१८ मध्ये आणली, ही तर आपल्या विभागास भूषणावह गोष्ट आहे. परंतु वर्ष साजरे झाले, फेऱ्या निघाल्या, अधिकाऱ्यांना नाचणीची बिस्किटे वाटून झाली, आणि राळ्याच्या सडण्याचा मुद्दा होता तेथेच राहिला.

म्हणून माझी तजवीज दोनच कलमांची आहे. पहिले कलम गिरणीचे. तूस काढणारे लहान यंत्र आता अप्राप्य राहिलेले नाही. ते एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीस किंवा महिला बचतगटांच्या प्रभागसंघास चालविता येईल इतपत सुटसुटीत आहे, आणि तासाला क्विंटलभर धान्य सहज सडते. वर्गवारीची चाळणी आणि खडे काढणारे यंत्र जोडीला हवे, कारण राळ्यातील बारीक खडा निवडता निवडता डोळे दुखतात आणि दाताखाली एकदा खडा आलेला मनुष्य पुन्हा राळ्याच्या वाटेस जात नाही. कोंडा पुरता न काढता अंगापुरते तूस काढावे, अशी सक्त ताकीद गिरणीवाल्यास असावी. मात्र यंत्रासाठी अनुदान देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही; अनुदानावर आणलेली आणि वर्षाच्या आत गोणपाटाखाली झाकून ठेवलेली यंत्रे मराठवाड्याने पुष्कळ पाहिली आहेत. यंत्राला रोज काम मिळाले पाहिजे, आणि तेथे दुसरे कलम येते.

ते कलम खानावळीचे. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून हजारो मुले-मुली लातुरात येऊन राहतात, नांदेडलाही शिकवण्यांच्या आकर्षणाने तीच दाटी झाली आहे; ही मुले दिवसाचे दहा-बारा तास बसून काढतात आणि दोन्ही वेळा वसतिगृहात किंवा खानावळीत पोळी-भात जेवतात. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पचनसंस्थेचा अध्याय मुखोद्गत करणाऱ्या या विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या पचनाकडे पाहावयास मात्र कोणासही फुरसत नाही. आठवड्यातून दोन रात्री भाताऐवजी राळ्याची खिचडी, माणशी ६० ते ७० ग्रॅम कोरड्या धान्याच्या हिशेबाने, एवढेच जरी या खानावळींनी मनावर घेतले तरी हजार मुलांमागे आठवड्याला सुमारे सव्वा क्विंटल, आणि शैक्षणिक वर्षाच्या चाळीस आठवड्यांत सुमारे पन्नास क्विंटल सडलेला राळा लागेल. तो भोगीसारखा एका दिवसात न खपता आषाढापासून फाल्गुनापर्यंत सारखा खपेल. वरीला एकादशीने जे दिले ते राळ्याला ही खानावळ देऊ शकेल. शासकीय वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांच्या भोजनाच्या ठेक्यांत समाजकल्याण व आदिवासी विकास खात्यांनी एक ओळ घातली, तर किनवट-माहूरपर्यंत त्याचा विस्तार होण्यास अडचण नाही. खानावळवाला म्हणेल की राळा महाग पडतो, आणि आजच्या पिशवीच्या भावाने त्याचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु त्या भावातील मोठा हिस्सा दूरच्या गिरणीचा, वाहतुकीचा आणि वेष्टनाचा असतो, आणि बालाघाटच्या माळावर पिकून अहमदपुरात सडला गेलेला, गोणीतून थेट लातूरच्या खानावळीत उतरलेला राळा त्या भावाने विकावा लागणार नाही. मुलांना पहिले चार दिवस तो रुचणार नाही, हीदेखील खरी अडचण आहे. ती आमटीने सुटते.

गिरणी कोठे घालावी याबद्दल मतभेद होतील. माझे मत अहमदपूरच्या बाजूचे आहे, कारण ते लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे आणि कंधार व जळकोट तेथून जवळ आहेत. मुखेडकरांनी दुसऱ्या गिरणीचा हक्क सांगितल्यास तो डावलू नये. लातूरच्या गंजगोलाई या बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांपैकी एकावरच्या चार अडत्यांनी राळ्याचा भाव रोज फळ्यावर लिहावयाचे कबूल केले तरी आरंभास पुष्कळ आहे. बियाण्याची तरतूद मात्र आधी झाली पाहिजे: आंध्रातील नांद्याळच्या संशोधन केंद्राच्या सूर्यनंदी, एसआयए ३०८५ आणि एसआयए ३१५६ या जाती कोरडवाहूस उपयुक्त ठरल्या आहेत, परभणीच्या विद्यापीठाने त्यांची बालाघाटच्या मुरमावर तुलना करून कोणती घ्यावी ते सांगावे, आणि ज्या घरांनी गावरान राळा अद्याप मडक्यात राखला आहे त्यांच्याकडून मूठ-मूठ मागून घेऊन तोही त्या चाचणीत बसवावा. खानावळींशी करार माघात, बियाण्याची मागणी फाल्गुनात आणि गिरणीची जागा चैत्रात ठरली, तरच मृगाच्या पेरणीस राळा तिफणीच्या चाड्यावर येईल. हे वेळापत्रक हुकले तर पुढची भोगीही परगावाहून आणलेल्या पुड्यांवरच साजरी होईल.